फौजीची फणी

आमच्या गिरीज गावात केळीच्या घडाला जो मान होता तो जावयालासुद्धा नव्हता. जावई यायचा, ओट्यावर बसून चहा पिऊन जायचा. घड उतरायचा तेव्हा मात्र सगळी आळी सकाळीच अंघोळी करून उभी राहायची. दसऱ्याला कोयत्याची पूजा झाली की दुसऱ्या दिवशी हंगामातला राजेळी केळीचा पहिला घड कापायचा, आणि तो कापायचा मान एकाच घराचा. त्या घरातले म्हातारे उंच, काटक आणि कमी बोलणारे होते. त्यांना सगळे मानकरीच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते.

घडाच्या दोन फण्या सुट्या केल्या की पहिली फणी देवळात जायची आणि दुसरी फौजीच्या घरी. चीनशी लढाई झाली त्या वर्षी मानकऱ्यांनीच ही रीत पाडली होती. आळीतला कोणी सैन्यात असेल तर त्याच्या घरी फणी द्यायची, आणि तो सुट्टीवर आलेला असेल तर त्याच्या हातात. आम्ही बागायती करणारी माणसं. विहीर, पाट आणि बाजार यांच्यापलीकडे फारशी न गेलेली. त्यामुळे बंदूक हातात धरलेल्या माणसाचं आम्हाला भारी अप्रूप. या फणीचा एकच नियम होता. ती एकदा हातात दिली की परत घ्यायची नाही. परत घेतली तर पुढच्या वर्षी वाडीतला एकही घड भरत नाही, असं मानकरी सांगायचे. ते खरं की खोटं हे करून बघायची हिंमत कोणाला झाली नव्हती.

माझ्या लहानपणी ही फणी आमच्या घरी यायची, कारण माझा काका फौजेत होता. बाबांचा तो सगळ्यात धाकटा भाऊ. आजी लवकर गेली, म्हणून त्याला वाढवलं माझ्या आईनं. ती त्याची वहिनी, पण तो तिला आईसारखाच घाबरायचा आणि आईसारखाच छळायचा. फणी आली की आई ती पेंढ्यात पिकायला घालायची, मग सोलून चटईवर उन्हात सुकवायची आणि तयार झालेली सुकेळी केळीच्याच वाळल्या पानात बांधून काकाला पाठवायची. एकाहत्तरच्या लढाईत तो आघाडीवर होता. पोटरीला जखम घेऊन घरी आला तेव्हा त्यानं आम्हाला सांगितलं की ती सुकेळी खंदकात बसून दोघांनी वाटून खाल्ली. दुसरा कोण, ते आम्ही विचारलं नाही. फौजेत माणसं वाटूनच खात असतील, असं आम्हाला वाटलं.

त्यानंतर काही वर्षांनी, ऐन उन्हाळ्यात, काका कायमचा घरी येतोय असा निरोप आला. सैन्यातली त्याची मुदत संपायला अजून बराच अवकाश होता, पण ही गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नाही. फौजी घरी येतोय म्हटल्यावर आमच्या लोकांना जे सुचायचं तेच सुचलं. वाडीच्या तोंडाशी घडासकट केळीचे दोन खांब उभे केले. ताशेवाला आला. मानकऱ्यांनी तर कमाल केली. हंगाम नसताना आपल्या वाडीतला एक घड उतरवून त्याची फणी काखेत घेऊन ते सगळ्यांच्या पुढे उभे राहिले. आई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन तयार होती. मी तेव्हा शाळेत होते आणि नवा फ्रॉक घालून खांबाला टेकून उभी होते.

काका आला. डोक्यावर पत्र्याची काळी ट्रंक. खांब दिसले तसा तो बाहेरच थांबला आणि ट्रंक खाली ठेवली. ताशा वाजतच होता. काकानं हात वर केला तेव्हा तो थांबला.

"दादा, हे कशाला केलंत?" तो बाबांना म्हणाला. "मी रिटायर होऊन नाही आलो. मला काढलंय."

बाबा पुढे झाले, त्याचा दंड धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "आत चल. आत बोलू."

"नाही. आत आल्यावर सांगितलं तर तुम्हाला फसवल्यासारखं होईल," काका म्हणाला. मग तो सगळ्यांकडे वळला. आवाज चढवला नाही, पण प्रत्येकाला ऐकू गेलं. "उद्या कोणी म्हणेल चोरी केली, कोणी म्हणेल पळून आला. मी चोरी केली नाही आणि पळालो तर नाहीच नाही. माझा एका जवानावर जीव आहे. नवरा-बायकोचा असतो तसा. फौजेत त्याला गुन्हा म्हणतात. म्हणून काढलं."

एवढंच बोलला तो. मी त्यानंतर पुष्कळ भाषणं ऐकली. इतकं थोडक्यात आणि इतकं खरं बोलणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

कोणीतरी मागून विचारलं, "दुसरा कोन?"

"ते मी फौजेला सांगितलं नाही, तुम्हाला काय सांगणार," काका म्हणाला.

मानकऱ्यांनी काखेतली फणी नीट धरली, पाठ फिरवली आणि घरी निघून गेले. फणी अजून हातात दिलेली नव्हती, त्यामुळे परत नेता आली. त्यांच्यामागून माणसं पांगली. ताशेवालाही ताशा गळ्यातून काढून चालू लागला. उरलो आम्ही घरचे आणि ते दोन खांब.

आईनं मग पदर खोचला. तांब्या आणि तुकडा घेऊन ती खांबांच्या मधून बाहेर गेली, काकासमोर उभी राहिली आणि तुकडा त्याच्यावरून ओवाळून लांब फेकला. पायावर पाणी घातलं.

"वहिनी, ऐकलंस ना मी काय सांगितलं ते?" काकानं विचारलं.

"ऐकलं, भावजी. बहिरी नाही मी," आई म्हणाली. "फौजेतून आलात ना? मग तुकडा ओवाळायचाच. बाकीचं कळायला मला वेळ लागेल. जेवायला वेळ लावू नका."

आईला ते कळायला खरंच वेळ लागला. बाबांना तर जास्तच. "झाकली मूठ ठेवायची होतीस," असं ते कित्येक दिवस म्हणत. काका त्यावर म्हणायचा, "मूठ झाकून सलाम ठोकता येत नाही, दादा." मग बाबा चिडून वाडीत निघून जायचे.

आळीनं आम्हाला वाळीत टाकलं नाही. ते केलं असतं तर एकवेळ परवडलं असतं. काकाला पंप दुरुस्त करता यायचा. डिझेलचे पंप नवे नवे आले होते, सारखे बिघडायचे, आणि सकाळ झाली की कोणी ना कोणी आमच्या ओट्याशी उभा. "जरा बघतोस का?" काका बघायचा. हात काळे करून, पंप चालू करून यायचा. दसऱ्याचा दुसरा दिवस आला की तीच माणसं मानकऱ्यांच्या मागून आमच्या दारावरून जायची आणि मान वळवायची नाहीत. गरज सरो, वैद्य मरो. फणी आता देवळातच ठेवून द्यायचे, कारण आळीत दुसरा फौजी नव्हता. असलेला फौजी त्यांनी फौजींमध्ये धरायचा बंद केला होता.

माझ्या अंगाची आग व्हायची. काकाची होत नव्हती, किंवा तो दाखवत नव्हता. त्या दिवशी तो दाढी करायचा, इस्त्रीचा खाकी शर्ट घालायचा, त्यावर बिल्ला नाही की फीत नाही, आणि ओट्यावर ताठ बसायचा. मिरवणूक निघून जायची. दुपारी शर्ट काढून, घडी घालून ट्रंकेत ठेवायचा. पहिल्या वर्षी आईनं आमच्याच वाडीतली एक फणी आणून त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती हसत हसत परत केली.

"घरची फणी घरची, वहिनी. ती मला रोज मिळते. ही आळीची आहे. मी आळीसाठी लढायला गेलो होतो का नव्हतो, एवढंच मला त्यांच्याकडून पाहिजे."

त्याला काय हवं होतं ते मला त्या दिवशी समजलं. प्रेमाला लोकांनी चांगलं म्हणावं अशी त्याची अपेक्षाच नव्हती. मी फौजी होतो आणि आहे, एवढं मान्य करा, इतकंच त्याचं मागणं होतं. फौजेबद्दल तो कधी वाईट बोलला नाही. मी एकदा रागानं काहीतरी बोलले तेव्हा मलाच दटावलं. म्हणाला, "फौज चांगली आहे. त्यातला एक नियम वाईट आहे. नियम काही देवानं पाठवला नाही, माणसांनी लिहिला. माणसंच एक दिवस खोडतील. तोपर्यंत मी बसून राहीन. पहाऱ्यावर कंटाळायचं नसतं."

मध्ये एकदा फणी यायची वेळ आली होती, ती म्हशीमुळे. मानकऱ्यांची दुभती म्हैस बावखलात उतरली आणि रुतली. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. वर पाणी आणि खाली गुडघाभर गाळ. सगळी आळी काठावर उभी राहून सल्ले देत होती. काका आला, दोर मागवले, नारळाच्या दोन झाडांना बांधून ओढीची काहीतरी व्यवस्था केली, स्वतः गाळात उतरला, आणि म्हैस बाहेर. ती बाहेर येऊन अंग झटकते न झटकते तोच काकाच्या तोंडावर सगळा चिखल.

त्या दसऱ्याला मानकऱ्यांचा मुलगा आमच्या ओट्याशी फणी घेऊन आला. आईचे डोळे भरून आले. काका उठला, पण हात पुढे केला नाही.

"कशाबद्दल?" त्यानं विचारलं.

मुलगा गोंधळला. "म्हशीबद्दल. बाबांनी सांगितलं, तुझे उपकार हायेत."

"म्हशीबद्दल फौजीची फणी? म्हैस फौजेत होती काय?" काका म्हणाला. "तिच्याबद्दल द्यायचं तर दूध द्या शेरभर, मी घेईन. फणी घेऊन जा."

मुलगा फणी घेऊन गेला. दूध मात्र संध्याकाळी खरंच आलं आणि काका ते आनंदानं प्याला. बाबा कपाळाला हात लावून बसले. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही याचा," म्हणाले. पण मी बघितलं, ते हे म्हणताना हसत होते. भावाबद्दल त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा अभिमान वाटला असावा. मला तर तो इतका वाटला की मी कॉलेजात जायला लागल्यावर मैत्रिणींना ही म्हशीची गोष्ट सांगत सुटायची.

माझं कॉलेज संपत आलं त्या वर्षीची गोष्ट. दसऱ्याच्या दिवशी संध्याकाळी एक अनोळखी माणूस ट्रंक घेऊन वाडीच्या तोंडाशी उभा होता. एस.टी.तून चुकून शेजारच्या सांडोरला उतरला होता आणि तिथून विचारत विचारत चालत आलेला. रुंद छाती, पांढऱ्या होत चाललेल्या मिशा. काका पाटाचं पाणी वळवत होता. त्यानं वर बघितलं, फावडं टाकलं आणि चिखलाच्या हातांनीच त्या माणसाची ट्रंक उचलून घेतली. आई दारात होती. काकानं ती ट्रंक कशी उचलली ते तिनं बघितलं आणि आत येऊन मला म्हणाली, "भात जास्तीचा टाक. हे पाहुणे परत जाणारे नाहीत."

माणूस साताऱ्याकडचा. हवालदार म्हणून पूर्ण नोकरी करून, सन्मानानं निवृत्त झालेला. आळीला एवढंच कळलं की काकाच्या ओळखीचा कोणी हवालदार आलाय, आणि आमच्या आळीत बातमी पोचायला पंप लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका नेहमीसारखा खाकी शर्ट घालून ओट्यावर बसला. शेजारी हवालदार. देवळातली फणी ठेवून मिरवणूक परतली, आमच्या दाराशी आली, आणि थांबली. इतक्या वर्षांत ती तिथे पहिल्यांदाच थांबली होती. मानकरी स्वतः पुढे, हातात फणी. आता ते पुष्कळ वाकले होते. काका उभा राहिला. आईनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

मानकरी ओट्याच्या पायऱ्या चढले, काकासमोरून पुढे गेले आणि त्यांनी फणी हवालदाराच्या हातात ठेवली.

"आमच्या आळीत फौजी आला की त्याला देतो," ते म्हणाले. "तुम्ही देशाचं रक्षन केलं. घ्या."

मला तेव्हा त्या म्हाताऱ्याला ओट्यावरून ढकलून द्यावंसं वाटलं. काका मात्र अजून ताठच होता. फक्त त्याचे हात पुढे येता येता मध्येच राहिले होते, ते त्यानं खाली घेतले.

हवालदारानं फणी कपाळाला लावली आणि विचारलं, "यांची कुठाय?"

"त्याला नसते."

"का वो?"

"त्याला काढलेला हाय. तुम्ही इज्जतीनं आलात."

हवालदारानं काकाकडे बघितलं. काकानं मान हलवली, नको म्हणून. हवालदारानं ऐकलं नाही.

"मी इज्जतीनं आलो, कारन ह्यानं माझं नाव सांगितलं न्हाई," तो म्हणाला. "साहेब ह्याला म्हनला, दुसऱ्याचं नाव सांग, त्यानं जबरदस्ती केली म्हन, तुला ठेवून घेतो. ह्यो गप ऱ्हायला. मी बी गप ऱ्हायलो, कारन ह्यानं तशी शपथ घातली हुती. आता माझी नोकरी संपली, शपथ बी संपली. ज्याच्यापायी ह्याला काढला त्यो मीच. लढाईत एकाच खंदकात हुतो. तुमच्या ह्याच फणीची सुकेळी दोघांनी खाल्ली. आता बोला. मला चालती तर ह्याला का न्हाई? आन् ह्याला न्हाई तर मला बी नगं."

आणि त्यानं फणी मानकऱ्यांसमोर धरली.

मानकरी दोन्ही हात पाठीमागे घेऊन मागे सरले. एक पायरी उतरले. हवालदार फणी घेऊन पुढे आला, तसे आणखी एक उतरले. दुसरी वेळ असती तर मी हसले असते. आळीतलं कोणीही पुढे होईना. फणी हातात दिलेली होती. परत घेतली तर सगळ्यांच्याच वाड्या गेल्या. म्हातारा शेवटी पायरीवरच बसला आणि पाणी मागितलं.

पाणी आईनं नेऊन दिलं. ते पिऊन झाल्यावर मानकरी तिलाच म्हणाले, "सूनबाई, माझ्या हातनं चूक झाली."

"हातात दिलेली फणी परत घ्यायची नाही, असं तुम्हीच सांगत आलात," आई म्हणाली. "आम्ही सगळे ते मानत आलो. म्हणजे ती फौजीलाच गेली. आणि हे दोघं सारखेच. मग आमच्या भावजींचं काय करायचं, ते मानकऱ्यांनीच सांगावं."

मानकरी बराच वेळ जमिनीकडे बघत बसले. मग मुलाला म्हणाले, "कोयता आन." कोयता घेऊन ते एकटेच आपल्या वाडीकडे गेले. आम्ही सगळे तिथेच थांबलो. कोणी घरी गेलं नाही, फक्त कुणाच्या तरी कडेवरचं पोर रडत होतं. म्हातारा परत आला तेव्हा त्याच्या हातात त्याच घडाची पुढची फणी होती, देठातून चीक गळत होता, आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर काळे डाग पडायला लागले होते. तो पायऱ्या चढून काकासमोर उभा राहिला.

काकानं हात पुढे केले नाहीत. माझा जीव नुसता टांगणीला लागला. आता तरी घे रे बाबा, असं मी मनात म्हणत होते.

"कशाबद्दल?" काकानं विचारलं.

"म्हशीबद्दल नाय," मानकरी म्हणाले.

"मग?"

"एकाहत्तरबद्दल."

काकानं दोन्ही हातांनी फणी घेतली आणि तो रडला. सगळ्या आळीसमोर, आवाज करून, खाकी शर्टाच्या बाहीनं नाक पुसत. खांबांबाहेर उभा राहून स्वतःबद्दल तसं सांगताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. हवालदारानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. लोकांनी ते बघितलं. काहींनी मान वळवली, पण निघून कोणी गेलं नाही. ताशेवाल्यानं आपणहून ताशा वाजवायला घेतला.

त्या दोन फण्या आईनं एकाच पेंढ्यात पिकायला घातल्या. सुकेळी झाली तेव्हा काका त्यातलं एक चघळत मला म्हणाला, "आळीचा नियम एका सकाळीत बदलला. फौजेचाही बदलेल. तिथेही कोणीतरी म्हातारा पायरीवर बसून विचार करत असेल." त्यानंतर दरवर्षी तो वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचायचा, ती बातमी कुठे आलीय का बघायला. ती त्याच्या हयातीत आली नाही. पेन्शन नाही, बिल्ला नाही. कागदोपत्री तो शेवटपर्यंत काढलेलाच राहिला, आणि याचा मला अजून राग येतो.

पण आमच्या ओट्यावर ते दोघं असेपर्यंत दरवर्षी दोन फण्या आल्या. मानकरी गेल्यावर त्यांचा मुलगा आणायचा. दरवर्षी काका हात पुढे करण्याआधी विचारायचा, "कशाबद्दल?" आणि दरवर्षी दारात फणी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ते मोठ्यानं सांगावं लागायचं.